काहिलीखालचा जमाखर्च

चवथ जवळ आली की म्हापशाच्या बाजारात गुळाच्या ढेपांसमोर एक ठरलेला संवाद ऐकू येतो. गिऱ्हाईक म्हणते, "पिवळें दी, काळें नाका." दुकानदार निमूटपणे पिवळीधमक ढेप फोडतो, तराजूत टाकतो, आणि नेवऱ्या-पातोळ्यांची सोय होते. आपल्याकडे माडाचे गोड असते, पण ते थोडे आणि महाग. सणावाराला, लग्नकार्याला, बाळंतिणीच्या लाडवांना लागणारा गूळ पिढ्यान् पिढ्या घाटावरून येत आला आहे. कोल्हापूरचा, निपाणीचा, संकेश्वरचा. त्याच वाटेने संकेश्वरी मिरचीही येते. मिरची आणि गूळ, म्हणजे गोव्याच्या स्वयंपाकघराची दोन टोके, घाटावरच्या एकाच टापूने धरून ठेवलेली आहेत असे मला गमतीने वाटते.

हा टापू मला लहानपणापासून ओळखीचा आहे. माझी एक आत्या चिकोडी तालुक्यातल्या एका गावात दिलेली होती. सत्तरच्या दशकात नाताळच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढायचा, आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वर, आणि तिथून चिकोडीकडची गाडी. पोचेपर्यंत अंधार पडलेला असे आणि शेवटच्या दोन-तीन मैलांत गाव दिसायच्या आधी त्याचा वास यायचा. उकळत्या रसाचा, किंचित जळकट, घशात उतरणारा गोड वास. दूधगंगा आणि वेदगंगेच्या पाण्यावर पोसलेला ऊस, आणि शिवारात ठिकठिकाणी पेटलेली गुऱ्हाळे. कन्नडात गुऱ्हाळाला 'आलेमने' म्हणतात. आत्याच्या गावात दोन्ही शब्द सारखेच चालायचे. तिच्या दिरांच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या कन्नड बोलायचा, जाळ घालणारा मराठी बोलायचा आणि भांडायची वेळ आली की दोघेही भाषा बदलून घेत.

आम्हा मुलांचे सगळे लक्ष काहिलीकडे असे. आठ-दहा फूट रुंद, लोखंडी पत्र्याची ती उथळ काहील, तिच्यात खदखदणारा रस, वर येणारी मळी, ती झाऱ्याने काढून टाकणारा गुळव्या. रानभेंडीच्या झाडाची साल ठेचून तिचा बुळबुळीत रस तो आत सोडी. त्याने मळी धरली जाते. चिमूटभर चुना. मग रस घट्ट होत जाई, बुडबुड्यांचा आकार बदले, आवाज बदले. शेवटी गुळव्या उकळत्या पाकाचा एक थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाही. गोळी हवी तशी झाली की आरोळी, आणि मग चारी बाजूंनी माणसे धावून काहील उचलून पाक वाफ्यात ओतत. आज आपल्याला माहीत आहे की त्या क्षणी पाकाचे तापमान ११६ ते ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तर गूळ चिकट राहतो नाहीतर करपतो. गुळव्याकडे तापमापक नव्हता. त्याच्याकडे बोटे होती.

काहिलीच्या मागच्या बाजूला, जमिनीच्या पातळीखाली, चुलवाणाचे तोंड होते. तिथे खड्ड्यात एक माणूस उकिडवा बसलेला असे आणि वाळलेले चिपाड कवेने आत लोटत असे. त्याच्याकडे आम्ही कधी फारसे गेलो नाही. तिथे धग होती, धूर होता आणि चाटायला काकवी नव्हती.

हा लेख त्या माणसाबद्दल आणि त्याच्या जाळाबद्दल आहे.

गुळाच्या धंद्याचा इतिहास लिहिला जातो तो बहुतेक बाजाराचा. तो गौरवाचा आहेही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली आणि आसपासच्या गुळाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. दिवाळीच्या पाडव्याला तिथे मुहूर्ताचे सौदे निघतात. तीस किलोच्या रव्यांच्या रांगा लागतात. २०१४ साली कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली. चिकोडी-निपाणीचा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला. राज्याची सीमा बदलली म्हणून ऊस किंवा गुऱ्हाळाची रीत काही बदलली नाही.

बाजारानंतर इतिहास सांगितला जातो तो चरकाचा. पूर्वी ऊस पिळायला लाकडी घाणा असे, उभ्या लाटांचा, बैलांनी ओढायचा. त्यात रस बराच चिपाडात राही. १८७० च्या दशकात बिहारमधल्या बिहिया गावी थॉमसन आणि माइलन या दोघा इंग्रजांनी लोखंडी लाटांचा हलका चरक काढला आणि तो देशभर पसरला. पुढे असे चरक आपल्याच भागात ओतले जाऊ लागले. बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर, ज्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, त्यांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी केली. लोखंडी नांगरामागोमाग तिथून उसाचे चरकही बाहेर पडले. मग बैल गेले, ऑइल इंजिन आले, इंजिन जाऊन विजेची मोटर आली. प्रत्येक टप्प्यावर रस वाढला, वेळ वाचला.

आणि चुलवाण? चुलवाण जवळजवळ होते तिथेच राहिले. जमिनीत खणलेला खड्डा, मातीविटांच्या भिंती, वर काहील, मागे धुराडे. फरक झाले नाहीत असे नाही. धुराड्याची उंची वाढली, काही ठिकाणी खाली लोखंडी जाळी आली, उत्तरेकडे एकामागे एक दोन-तीन-चार काहिली मांडायची पद्धत रुळली. आपल्या भागात मात्र बहुधा एकच मोठी काहील राहिली. एकंदरीत शंभर वर्षांत रस काढण्याच्या यंत्राने जितकी मजल मारली तितकी रस आटवण्याच्या भट्टीने मारली नाही.

गंमत अशी, की आटवणे हीच तर गूळ करण्यातली खरी खर्चाची गोष्ट. साधा हिशेब करून पाहू. एक किलो गूळ व्हायला साधारण पाच किलो रस लागतो. त्यातले चार किलोच्या आसपास पाणी वाफ करून उडवायचे. एक किलो पाणी खोलीच्या तापमानावरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते, पण उकळलेल्या त्याच पाण्याची वाफ करायला ५४० लागतात. म्हणजे जवळजवळ आठपट. तेव्हा गूळ करणे म्हणजे प्रामुख्याने पाणी उडवणे. साखरही तशीच.

साखरेच्या जगाने या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातच हात घातला होता. अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतात, जिथे उसाच्या मळ्यांवर गुलाम राबत होते, तिथे नॉर्बर्ट रिलिये नावाचा एक कृष्णवंशीय पण गुलाम नसलेला अभियंता होता. न्यू ऑर्लिन्सचा जन्म, पॅरिसचे शिक्षण. मळ्यांवर एकापुढे एक उघड्या कढया मांडून रस एकीतून दुसरीत पळ्यांनी ओतत नेत. त्या कामात माणसे भाजत, मरतही. रिलियेने विचार केला की पहिल्या भांड्यातून जी वाफ उडून जाते तिच्यातच एवढी उष्णता आहे, तर तिनेच दुसरे भांडे का तापवू नये? दुसऱ्या भांड्यात हवेचा दाब कमी केला की रस कमी तापमानाला उकळतो आणि पहिल्याची वाफ त्याला पुरते. १८४३ साली त्याने या यंत्राचे पेटंट घेतले. आज चिकोडीचा कारखाना असो, संकेश्वरचा हिरण्यकेशी असो वा शिरगावकर बंधूंनी १९३९ साली उभा केलेला उगारचा असो, सगळीकडे रस आटतो तो रिलियेच्याच कल्पनेने. त्यामुळे कारखान्याला स्वतःचे सगळे चिपाड जाळूनही वर वीज विकता येते.

गुऱ्हाळाला हे जमले नाही, कारण बंद भांडी, पंप आणि निर्वात पोकळी परवडणारी नव्हती. गुळव्याला रस डोळ्यांनी दिसावा लागतो हेही कारण होतेच. मळी काढायची तर भांडे उघडेच हवे. तेव्हा कारखाना एका वाटेने गेला, गुऱ्हाळ दुसऱ्या. कारखान्याच्या वाटेवर अभियंते, रसायनशास्त्रज्ञ, संशोधन संस्था उभ्या राहिल्या. गुऱ्हाळाच्या वाट्याला संशोधन आले ते मुख्यतः उसाच्या जातींचे आणि रस स्वच्छ करण्याच्या पद्धतींचे. कोल्हापूरचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे संकेश्वरचे केंद्र यांचे त्यातले काम मोलाचे आहे, ते कमी लेखायचे नाही. कोणत्या जातीच्या उसाचा गूळ घट्ट होतो, चुना किती घालावा, हायड्रॉस किती घालू नये, हे शेतकऱ्याला त्यांनीच सांगितले. पण जाळाकडे पाहायला बराच उशीर झाला.

मी या विषयाकडे वळलो तो एका शोधनिबंधामुळे. मुंबईच्या आयआयटीतले विशाल सरदेशपांडे, डी. जे. शेंडगे आणि इंदू पिल्लै या तिघांचा हा निबंध २०१० साली 'एनर्जी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. विषय अगदी घरगुती. चार काहिलींची एक पारंपरिक गुऱ्हाळाची भट्टी. ती किती उष्णता खाते, आणि त्यातली रसाला किती मिळते?

अभियंते अशा अभ्यासाला प्रतिमान मांडणे म्हणतात. शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही. संगणकावरची रंगीत चित्रे नंतर येतात. मुळात ती वाण्याची वही आहे, जमा आणि खर्च. जमेला चिपाडातली उष्णता. खर्चाला एक एक नोंद: रस तापवायला किती, पाणी उडवायला किती, धुराड्यातून गरम धुराबरोबर किती गेली, भिंतींनी आणि जमिनीने किती प्याली, न जळता राखेत आणि धुरात किती राहिली. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. जुळत नसतील तर कुठले तरी गळते भोक अजून सापडलेले नाही.

त्या वहीत जे निघाले ते धक्कादायक होते. गूळ करायला तत्त्वतः जेवढी उष्णता लागते ती चिपाडातून मिळालेल्या उष्णतेच्या फक्त २९ टक्के. उरलेल्यातला मोठा भाग धुराबरोबर आकाशात आणि भिंतींत. किलोभर गुळाला त्या भट्टीत २.३९ किलो चिपाड जळत होते. मी माझ्या कागदावर ताडून पाहिले. वर सांगितलेल्या पाण्याच्या हिशेबाने किलोभर गुळाला सुकलेले चिपाड सातशे ग्रॅमच्या आसपास पुरायला हवे. म्हणजे दर किलो गुळामागे दीड किलोहून अधिक चिपाड आपण चिकोडीच्या, कोल्हापूरच्या, मुझफ्फरनगरच्या आभाळाला ऊब देण्यासाठी जाळत आलो.

आता पुढचा प्रश्न: धुराड्यातून एवढी उष्णता का जाते? इथे या निबंधातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट येते. त्यांनी काहिलीत पाहायचे सोडून धुराड्यात पाहिले. बाहेर पडणाऱ्या धुरात प्राणवायू किती आहे ते मोजले. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. जाळाने तो वापरला तर धुरात थोडाच उरायला हवा. समजा धुरात त्यातला निम्मा तसाच उरला, तर त्याचा अर्थ भट्टीत शिरलेली निम्मी हवा काहीही काम न करता नुसती तापून वर निघून गेली. पाहुणे म्हणून आली, जेवून गेली.

असे का होते ते खड्ड्यात बसलेल्या माणसाच्या कामाकडे पाहिले की कळते. तो काय करतो? कवभर चिपाड आत लोटतो. भपकन जाळ होतो. त्या क्षणी हवा अपुरी पडते, काळा धूर निघतो, अर्धवट जळलेला माल वर जातो. मग जाळ बसतो. तो जरा मागे सरकतो, घाम पुसतो, बिडी पेटवतो. त्या अवधीत धुराडे काही थांबत नाही. ते ओढतच राहते, आणि आता जळायला काही नसताना थंड हवा आत येऊन काहिलीची धग घेऊन बाहेर पडते. आधी हवा कमी, मग हवा जास्त. दोन्ही वेळा तोटाच.

त्यावर उपाय म्हणून त्यांनी भट्टी पाडली नाही, नवे यंत्र आणले नाही. धुरातल्या प्राणवायूचा आकडा पाहत चिपाड थोडे थोडे, बेताने, ठरावीक अंतराने घालायला लावले. एवढ्यावर किलोभर गुळामागचे चिपाड २.३९ वरून १.७३ किलोवर आले. हजार किलो गुळामागे ६६० किलो चिपाड वाचले. एकही वीट न हलवता.

भट्टीतच फेरफार करणारेही झाले. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत, जी १९५२ पासून काम करते आहे, अन्वर यांनी काहिलीच्या तळालाच बाहेरून समांतर पट्ट्या जोडल्या. मोटारसायकलच्या इंजिनाला जशा पाकळ्या असतात तशा, फक्त काम उलटे. तिथे उष्णता बाहेर टाकायची, इथे ओढून घ्यायची. त्यांच्या २०१० च्याच निबंधात जळणाची बचत ३१.३४ टक्के दिली आहे. तिसरी वाट तर आणखी विलक्षण. मुंबई आयआयटीचे मिलिंद राणे आणि सिद्धार्थ जबडे यांनी २००५ साली मांडले की रसातले पाणी उकळून काढण्याऐवजी गोठवून काढावे. पाण्याचा बर्फ करायला किलोमागे ८० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात, वाफ करायला मात्र ५४० द्याव्या लागतात. वीस ब्रिक्सचा रस चाळीसपर्यंत गोठवून घट्ट केला तर काढायच्या पाण्यातले जवळजवळ दोन तृतीयांश बर्फ होऊन निघते आणि काहिलीचे काम तेवढे हलके होते. गुऱ्हाळावर बर्फ! आत्याच्या दिरांना हे सांगितले असते तर त्यांनी मला उन्हात बसलो होतास का असे विचारले असते. विजेचा आणि यंत्राचा खर्च पाहता ही कल्पना गावोगाव पोचणे अवघडच आहे, पण विचार म्हणून ती रिलियेच्या तोडीची आहे.

हा ध्यास फक्त आपल्याकडचा नाही. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात आपल्या गुळासारखाच 'पानेला' करतात आणि आपल्यापेक्षाही आवडीने खातात. तिथे बार्बोसा या गावी नेदरलँड्सच्या मदतीने पानेलाच्या संशोधनाचे एक केंद्रच उभे राहिले. त्यांनी चिपाड जाळायची अशी एक खोली बसवली की ओलसर चिपाडही तिच्यात आधी वाळते आणि मग जळते. पेरूतल्या पिउरा विद्यापीठाने पुढे जाऊन अशा भट्टीतला धूर आणि उष्णता कशी वाहते ते संगणकावर उभे केले, म्हणजे कुठे भिंत वळवावी आणि काहील कुठे ठेवावी हे विटा रचण्याआधीच पाहता येते. तिकडच्या डोंगरातला शेतकरी आणि आपला चिकोडीचा शेतकरी एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघांच्याही धुराड्यातून जे निघून जाते ते एकच.

मग हे सगळे आपल्या भागात का दिसत नाही? गेल्या काही वर्षांत त्या बाजूला गेलो की मी मुद्दाम गुऱ्हाळांवर थांबतो. पट्ट्या जोडलेली काहील मला अजून एकही दिसलेली नाही. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

पहिले कारण असे की चिपाड फुकट आहे, असे सगळे समजत आले. ऊस स्वतःचा, पिळला की चिपाड उरणारच, ते जाळले नाही तर करायचे काय? फुकटाच्या वस्तूची बचत कोणी करत नाही. कागद गिरण्या आणि वीज करणारे कारखाने चिपाडाला भाव देऊ लागले तेव्हा कुठे गुऱ्हाळवाल्याला आपल्या आवारातल्या ढिगाकडे पैसा म्हणून पाहता आले. तेही सगळीकडे नाही. लहान गुऱ्हाळाचे दिवसाचे चिपाड न्यायला ट्रक येत नाही.

दुसरे कारण मला जास्त बोचते. जाळ थोडा थोडा, सतत घालायचा म्हणजे खड्ड्यातल्या माणसाला उसंत नाही. जुन्या रीतीत कवभर लोटले की त्याला दोन मिनिटे मिळत. नव्या रीतीत त्याने धगीपुढून हलायचेच नाही. वाचलेले ६६० किलो चिपाड मालकाचे, आणि वाढलेली धग त्याची. त्याच्या मजुरीत यातले काय येणार, हा प्रश्न शोधनिबंधात नसतो. तो त्यांचा विषयही नव्हता. पण गुऱ्हाळावर तो पहिल्याच दिवशी उभा राहतो, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय कुठलीही सुधारणा दुसऱ्या हंगामापर्यंत टिकणार नाही असे मला वाटते.

तिसरे कारण आपण. म्हणजे मी आणि तुम्ही, म्हापशाच्या बाजारात उभे राहून पिवळा गूळ मागणारे. गुऱ्हाळवाल्याचा सगळा जीव रंगात अडकलेला असतो, कारण भाव रंगाला मिळतो. त्यासाठी हायड्रॉस पडतो. अन्नसुरक्षेच्या नियमाने गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा दहा लाख भागांत ७० इतकी आहे, आणि ती ओलांडलेला गूळ कसा ओळखायचा हे गिऱ्हाईकाला ठाऊक नाही. जळणाची बचत मात्र ढेपेवर दिसत नाही. कमी चिपाडात शिजलेला गूळ आणि जास्त चिपाडात शिजलेला गूळ एकाच भावाने विकला जातो.

या सगळ्यात गुऱ्हाळे कमी होत चालली आहेत. कारखाना शेतातून ऊस उचलून नेतो, ठरलेला दर देतो. गुऱ्हाळाला माणसे मिळत नाहीत. आपल्या गोव्यात तर उलटाच प्रकार. धारबांदोड्याचा आपला एकुलता एक संजीवनी साखर कारखाना सत्तरच्या दशकात सुरू झाला आणि २०१९-२० च्या हंगामापासून त्याचे गाळप थांबले. सांगे-केप्याकडचे ऊस लावलेले शेतकरी हवालदिल झाले, ऊस घाट चढून कर्नाटकात जाऊ लागला. तेव्हा मी दोघा-तिघांना विचारले होते, गुऱ्हाळ का नाही घालत? त्यांनी विचारले, जाळ घालणार कोण?

दोन वर्षांपूर्वी, पाडव्यानंतर, आत्याच्या गावी गेलो होतो. आत्या आता नाही. तिच्या पुतण्याने गुऱ्हाळ अजून चालू ठेवले आहे, बरेचसे हट्टाने. मी या वेळी काहिलीकडे न थांबता मागे गेलो, खड्ड्याशी. जाळ घालणारा पन्नाशीचा, बोलका. मी त्याला माझे शहाणपण ऐकवले: प्राणवायू, धूर, थोडे थोडे चिपाड. त्याने ऐकून घेतले आणि मानेनेच धुराड्याकडे खूण केली.

"काळा धूर निघाला की जास्त पडलं, साहेब. धूरच नाही आणि वर रस बसला, की कमी पडलं. आमच्या बापाला बी ठावं होतं."

"मग तसं का घालत नाही?"

"एकट्यानं दिवसभर? दुसरा गडी द्या, घालतो."

मी पुतण्याकडे पाहिले. तो म्हणाला, "काका, चिपाड कोण नेतंय इथनं? ढीग तसाच पडून राहतो पावसाळ्यापर्यंत." मग थोडा विचार करून म्हणाला की पलीकडच्या गावात एकाने चिपाड विकायला सुरुवात केली आहे, टनावर भाव ठरलाय, आणि तो भाव खरा असेल तर दुसऱ्या गड्याची हजेरी त्यातून सुटेल की नाही हे बघायला पाहिजे. मी खिशातून कागद काढला. आम्ही तिघे चिपाडाच्या ढिगाला टेकून बसलो आणि हजार किलो गुळामागे ६६० किलो धरून हिशेब मांडू लागलो. वरून गुळव्याची आरोळी आली तसा जाळ घालणारा उठला, खड्ड्यात उतरला आणि जाळ मागे ओढला. आधण उतरले होते.

निघताना पुतण्याने गाडीत दोन ढेपा ठेवल्या. काळपट, तांबूस रंगाच्या. "विकायचा नाही हा," तो म्हणाला, "घरी खायचा."